दुसरं गाणं

प्रिय करुणाबाय,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. काही सांगायचं असलं की मी खिडकीतूनच हाक मारायचो. आपल्यामधला रस्ता तो केवढा, खनिजाचा एक टिपर गेला की दोन्हीकडच्या भिंती लाल व्हायच्या. आता उपासनेच्या खोलीमागच्या तुमच्या बिऱ्हाडाला कुलूप आहे. हाक मारून उपयोग नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. अक्षर कसं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

काल दुपारी मी खोटं बोललो. ते कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि सांगण्यासारखं माणूस म्हणजे तुम्हीच होतात.

म्हापशाहून मोटारसायकलवर येणारे तुमच्या ख्रिस्ती मंडळीचे तरुण पाळक काल आमच्याकडे आले होते. तुम्ही गेल्यापासून मी समोर पाऊल टाकलेलं नाही, तरी त्यांनी कधी शब्दानं विचारलं नव्हतं. चहा घेतला आणि म्हणाले, "शंभूकाका, येत्या रविवारी बाईंना वर्ष होतं. त्यांच्या मनातली गाणी घ्यावीत म्हणतोय. पण त्यांची वही कुठेच सापडत नाही. खोली दोनदा बघितली. तुम्हाला काही कल्पना?"

"नाही हो," मी म्हटलं.

वही माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर होती, पेटीच्या खोळीत. वर्षभर तिथेच आहे. पाळकांनी जाताना सहज पेटीकडे बघितलं, तर मी उगाच उठून मध्ये उभा राहिलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असावं.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या दारात आलात ते आठवतं? मी दोडामार्गाकडच्या गावातून नुकताच डिचोलीला, खाणीवर टिपर चालवायला आलो होतो. नवीन लग्न, एक भाड्याची खोली, आणि गावच्या भजनात वाजवायचो ती पेटी. भांडीकुंडी मागून आली, पेटी आधी आली. सुमन अजून त्यावरून टोमणे मारते. तुम्ही आरोग्यकेंद्रातून ड्युटी संपवून येत होतात, नर्सच्या पांढऱ्या साडीत, आणि तशाच उंबऱ्यात उभ्या राहिलात.

"म्हयनोभर खिडकीतून आयकतंय तुझी पेटी. आमचो पेटीवालो बदली होवन गेलो. रविवारी येतलंस?"

"बाय, मी हिंदू," मी म्हटलं.

"आणि पेटी?"

सुमन आतून हसली. मी आलो.

पहिल्या रविवारी मी जीव तोडून वाजवलं. आमच्या भजनात जसं वाजवतात तसं, कडवं संपलं की मध्ये एक फिरकी, मग लय चढवायची, मग पुन्हा पालुपदाशी यायचं. तीस-चाळीस माणसं, कुणी खाणीवरची, कुणी दवाखान्यातली, बरीचशी तुमच्यासारखी वेंगुर्ल्याकडची, सगळी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, जिंकलो. उपासना संपल्यावर तुम्ही मला पाव आणि चहा दिलात आणि म्हणालात, "बरी वाजवलंस. फक्त आज कोणीच गायला नाय."

माझं तोंड एवढंसं झालं. चार दिवस मी तुमच्याशी बोललो नाही, तुम्हाला ते कळलंही नसेल.

पण तुमची शिकवण तीच होती आणि ती मला तुम्ही पंचवीस वर्षं दिलीत. सूर खाली धरायचा. मी पांढरी चारमध्ये रमणारा माणूस, तुम्ही मला काळी एकवर आणून बसवलंत. म्हाताऱ्या बायकांना आणि दिवसभर धूळ खाल्लेल्या ड्रायव्हरांना, दोघांनाही पोचेल असा सूर. पेटीनं फक्त वाट दाखवायची. आणि शेवटच्या कडव्याला पेटी सोडायची. भाता थांबवायचा, बोटं उचलायची, आणि माणसांना त्यांच्यावरच सोपवायचं. "माणसांक आपलोच आवाज आयकाक येऊक व्हयो, शंभू. तेच्यासाठीच तर ती येतत."

पहिल्यांदा पेटी सोडली तेव्हा मला भीती वाटली होती की आता सगळं कोसळणार. नाही कोसळलं. उलट सगळे आणखी जोरात गायले. पेटीवाल्याला ते जरा लागतंच, खरं सांगतो.

भैरवीचं भांडण तर विसरताच येणार नाही. तुम्ही एकदा पहिलंच गाणं भैरवीतलं काढलंत. मी म्हटलं, बाय, भैरवी शेवटाला असते, ती झाली की लोक उठतात. तुम्ही ऐकलं नाहीत. गाणं झालं, आणि मागच्या बाकावरच्या दोघी म्हाताऱ्या, लहानपणापासून गावच्या देवळाबाहेर भजनं ऐकत वाढलेल्या, पदर सावरून खरंच उठल्या आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागल्या. पाळकांचं प्रवचन अजून व्हायचं होतं! तुम्ही गाण्याच्या पुस्तकाआड तोंड लपवून हसलात ते मी बघितलं. त्यानंतर मात्र भैरवी कायम तिसऱ्या जागी गेली. पंचवीस वर्षांत मी तुमच्याशी जिंकलेलं ते एकच भांडण.

शनिवारी चार वाजता तुम्ही उंड्या पावांची पिशवी घेऊन आमच्याकडे यायचात आणि गाणी ठरवायचात. त्याआधी सकाळी बाजारात फेरी. मला वाटायचं मासळी आणायला जाता. मासळी निमित्ताला होती. कोण कसं आहे, कोणाचं तोंड उतरलंय, कोण बोलायचं टाळतंय, ते तुम्ही बघून यायचात. पाळक प्रवचनाचा विषय सांगायचे, तो तुम्ही ऐकून घ्यायचात आणि बाजूला ठेवायचात. तुमचा हिशेब वेगळा. पहिलं गाणं माणसांना आत घ्यायला. तिसरं त्यांना घरी पोचवायला. आणि दुसरं, त्या आठवड्यात ज्याच्यावर सगळ्यात जास्त बेतलंय, त्याच्यासाठी.

ते कोणासाठी, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. एकदा मी हट्टाला पेटलो तर म्हणालात, "सांगला तर ता गाणा तेच्या एकट्याचा होता. मगे बाकीचे तोंडात मीठ धरून बसतत. सगळ्यांनी गावक व्हया आणि तेणा एकट्यान वळखूक व्हया."

खाणीच्या ऑफिसातली ती लांबट जाड वही. डाव्या पानावर तारीख, गाणी, सूर. उजव्या पानावर नाव. ते पान तुम्ही नेहमी हातानं झाकायचात, जसं आम्ही परीक्षेत शेजाऱ्यापासून झाकायचो.

मग खाणी बंद पडल्या. एकेक घर गेलं, कोणी कोल्हापूरला, कोणी मुलाकडे पुण्याला. चाळिसांचे पंधरा झाले. मी पेडण्याच्या बाजूला मांद्र्यात गेस्टहाऊसची गाडी चालवू लागलो आणि रविवारी धापा टाकत परत येऊ लागलो. तुम्ही निवृत्त झालात, तरी शनिवारी चार वाजता उंड्यांची पिशवी यायचीच. पंधरा माणसांसाठी कशाला एवढं डोकं लावता, असं मी एकदा म्हणालो. ते माझं बोलणं मला अजून टोचतं.

गेल्या वर्षी, तुमचं पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा, तुम्ही वही माझ्या हातात दिलीत. जुन्या गाण्यांपुढे सूर लिहायचे राहिलेत, ते लिहून दे, म्हणालात, पुढे जो कोणी गाणी काढील त्याच्या उपयोगी पडतील. "डावी पानां तुझी. उजवी वाचू नको." आणि शेवटचं लिहिलेलं पान उघडून दाखवलंत. तिथे तारीख नव्हती. एकच गाणं होतं, पुस्तकाच्या शेवटाकडचं, सांजवेळचं, वाटेवर अंधार पडताना सोबत मागणारं. आपण ते कधीतरी एकदाच घेतलं असेल.

"माझ्या वेळेक ह्या. काळी एक. वर जाव नको. शेवटाक पेटी सोड."

"बाय, असला काय उलयतास?"

"माका आयकाक येवचा नाय. तरी सोड."

मी हो म्हटलं. एवढंच करायचं होतं मला, करुणाबाय. रस्ता ओलांडून यायचं आणि एक गाणं वाजवायचं.

तुम्ही चवथीच्या तिसऱ्या दिवशी गेलात. आमचा गणपती पाच दिवसांचा. घरात गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली, गावचे चुलते आलेले. सकाळी समोर माणसं जमू लागली आणि मी सदरा चढवला. चुलत्यांनी सदऱ्याकडे बघितलं. सुमन जवळ येऊन हळूच म्हणाली, "घरात देव आसा. मयताक जातंत काय खंय?" मी खाली बसलो. मग तीच म्हणाली, "जाव नको, पण तेंची वही तरी धाडून दी. तेंका गाणा खंयचा ता कळाक व्हया."

"बघतंय," मी म्हटलं.

बघत बसलो. वही धाडणं म्हणजे मी येत नाही हे सगळ्यांना सांगणं. आणि मला तर अजून वाटत होतं की मी उठेन, आत्ता उठेन. देवाच्या नावावर खापर फोडणं सोपं आहे. गणपतीनं वही धाडायला कुठे मनाई केली होती? घरातलं कोणीही रस्ता ओलांडून ती देऊन आलं असतं. मी ती दिली नाही, कारण मला न येणारा माणूस म्हणून दिसायचं नव्हतं. त्यापायी न आलेलाही झालो आणि वही दाबून ठेवणाराही.

मग गाणं सुरू झालं. नेहमीचं, सगळ्यांना पाठ असलेलं एक. कोणीतरी ते वरच्या सुरात उचललं, फार वर. मी खिडकीत होतो. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तिसरीला म्हाताऱ्यांचे आवाज गळून पडले. दोघंच उरली. मग तीही थांबली. जरा शांतता, मग कोणीतरी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेवढ्याच वर. माझं बोट गुडघ्यावर काळी एक दाबत होतं. दाबून काय होणार होतं? तुमच्या मंडळीनं आयुष्यभर तुमच्यामागे गाऊन घेतलं, आणि तुमच्यासाठी गायची वेळ आली तर गाणं अर्ध्यावर मोडलं. थोड्या वेळानं गाडी तुम्हाला घेऊन वेंगुर्ल्याकडे तुमच्या गावी गेली. मी आरतीला उभा राहिलो. टाळ कोणीतरी माझ्या हातातून काढून घेतले, मला वाजवता येत नव्हते.

त्यानंतर समोर येणार कोणत्या तोंडानं? एक रविवार गेला, मग दुसरा. जितके गेले तितकं अवघड झालं. खोळ मी उघडलीच नाही. गावच्या भजनालाही दुसऱ्याची पेटी मागून वाजवली.

काल पाळक गेल्यावर ती उघडली. सूर लिहून टाकावेत आणि वही गुपचूप उपासनेच्या खिडकीतून आत ठेवून द्यावी, असा बेत होता. हो, भित्रा बेत, माहीत आहे. सूर लिहीत गेलो. मध्येच ते सांजवेळचं गाणं आलं, जुन्या तारखेला, त्या एकाच वेळी घेतलेलं. पिकाच्या उपकारस्तुतीचा रविवार होता तो.

आणि मला तो रविवार आठवला. भाताच्या लोंब्या, काकड्या, भोपळे, नारळ असं सगळं पुढे मांडलेलं, पोरंटोरं नवे कपडे घालून आलेली, आणि तुम्ही दुसरं गाणं हे काढलंत. शनिवारीच मी तुमच्यावर भडकलो होतो. सणाच्या दिवशी असलं रडकं गाणं कोण घेतं? तुम्हाला लोकांच्या आनंदाचं काही पडलेलं नाही, असंसुद्धा मी बोललो. तुम्ही म्हणालात, "वाजव." मी घुश्शात वाजवलं. शेवटच्या कडव्याला पेटी सोडली, आणि चाळीस माणसं गात असताना माझे डोळे भरून वाहायला लागले. मला वाटलं, लोंब्यांची धूळ गेली.

त्या आठवड्यात सुमनचं पोटातलं गेलं होतं. चौथा महिना. तुमच्याच आरोग्यकेंद्रात, तुमच्याच हाताखाली. मी कोणालाही सांगितलं नव्हतं, गावीही नाही. तेवढ्याशा जिवाला नाव नव्हतं, आणि आमच्या लोकांत कोणी त्याचं बारावं-तेरावं केलेलं मी पाहिलं नव्हतं. लोक म्हणतात, होईल पुढच्या वेळी. पुढची वेळ आली नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी दुसऱ्या दिवशी टिपरवर गेलो होतो आणि रविवारी पेटीवर.

मी उजवं पान वाचलं, करुणाबाय. नको म्हणाला होतात तरी वाचलं. तिथे लिहिलंय: "शंभू आणि सुमन. सांगायचं नाही."

मला का नाही सांगितलंत? मी तुमच्यावर एवढा ओरडलो, तेव्हा एका शब्दानं तरी सांगायचंत. आणि मग तेच गाणं स्वतःच्या वेळेसाठी राखून ठेवलंत, ते माझ्या हातात दिलंत, आणि तेव्हाही गप्प राहिलात. तुमचा राग येतो मला. तुमचा येतो आणि त्याहून जास्त माझा. माझ्यासाठी तुम्ही भरल्या सणात चाळीस माणसांकडून ते गाणं गाऊन घेतलंत, आणि मी तुमच्यासाठी एक वही रस्त्यापलीकडे पाठवली नाही.

वही मिटली आणि मागच्या पायरीवर सुमन चवळी निवडत बसली होती, तिथे गेलो. सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "माका म्हायत आसा."

"काय?"

"तेवां मी बिछान्यातच हुतंय. आदल्या दिसा करुणाबाय सांगान गेल्यानी, रविवारी खिडकी उघडी ठेव. दुसरा गाणा तुझा. शंभूक सांगू नको, तेका वाजवूक व्हया, तो रडाक लागलो तर वाजवताला कोण?"

एवढी वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं. माझ्याच घरातली गोष्ट, आणि ठाऊक नव्हती ती एकट्या मला. मग सुमननं सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले. "त्या दिसा तुका अडवलंय ता चुकलंय मी," ती म्हणाली. "तेंच्या वेळेक आमची खिडकी उघडीच हुती, आणि काय आयकलांव आमी?"

आम्ही दोघं दिवे लावायची वेळ होईपर्यंत तिथेच बसलो.

यंदा अधिक महिना आल्यानं चवथीला अजून तीन आठवडे आहेत, म्हणजे या खेपेला लपायला देवाचा आडोसाही नाही. रविवारी मी रस्ता ओलांडणार आहे, पेटी हातात आणि वही पेटीवर. सुमन सोबत येतेय, तिनं आपणहून सांगितलं. गाणी सुरू व्हायच्या आधी मी उभा राहीन आणि वही वर्षभर कुठे होती, बाईंना त्यांचं गाणं का मिळालं नाही, ते सगळ्यांसमोर सांगेन. पाळक काय म्हणतील, मागच्या बाकावरची माणसं काय म्हणतील, ते ऐकून घेईन. मग वही पाळकांच्या हातात देईन, आणि उजव्या पानांचा नियमही त्यांना समजावीन. माझं नाव असलेलं सोडून एकही उजवं पान मी वाचलेलं नाही, एवढा विश्वास ठेवा.

दुसरं गाणं सांजवेळचं, काळी एक. पंधरा असतील, दहा असतील, शेवटच्या कडव्याला पेटी सोडीन. आवाज मोडला तर मोडू दे, मी पुन्हा तोच सूर खाली धरून देईन, पुन्हा सोडीन.

रविवारची नोंद मी आताच वहीत केली. डाव्या पानावर गाणी आणि सूर लिहिले. उजव्या पानावर तुमचं नाव लिहिलं. त्याखाली "सांगायचं नाही" एवढं मात्र लिहिलेलं नाही.

तुमचा समोरचा पेटीवाला,
शंभू